परसदाराने शिरू नये असा किनारा

गोथेनबर्गपासून नॉर्वेच्या सीमेपर्यंतचा स्वीडनचा किनारा नकाशावर उंदरांनी कुरतडलेल्या कागदासारखा दिसतो. बेटं, खडक, खाड्या, पुन्हा बेटं. या पट्ट्याचं नाव बोहुसलेन. ई-6 महामार्ग आणि स्ट्रॉमस्टाडला जाणारी रेल्वे, दोन्ही किनारा सोडून आतून धावतात. त्यामुळे इथे येणारा बहुतेक प्रवासी गावात परसदारातून शिरतो. आधी पार्किंग, मग सुपरमार्केट, मग घरांच्या पाठी, आणि सगळ्यात शेवटी अचानक पाणी. धक्क्यावर फोटो होतात, आइस्क्रीम होतं, आणि ‘गाव छान आहे, पण केवढंसं!’ असं म्हणून मंडळी पुढच्या गावाकडे निघतात.

या गावांचं तोंड समुद्राकडे आहे, कारण शेकडो वर्षं रस्ता म्हणजे पाणीच होतं. घरं एकमेकांना खेटून, अंगण असं काही न ठेवता, कातळाच्या आडोशाच्या बाजूला रचल्यासारखी का उभी आहेत, तेही होडीतूनच समजतं. पश्चिमेचा वारा डोक्यावरून निघून जावा एवढीच जागा त्यांनी धरली आहे. शिवाय जमीन त्यांची नव्हतीच. किनाऱ्यावर राहणारे कोळी बहुतेक भूमिहीन. नांगर चालणार नाही असा कातळाचा तुकडा शेतकऱ्याच्या मालकीचा असे, आणि त्यावर घर बांधायची परवानगी घेऊन ते राहत. जिथे गवतही उगवत नाही तिथेच वस्ती दाट, हे कोडं मग उरत नाही.

हा मुलूख 1658 पर्यंत नॉर्वेचा, म्हणजे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालचा होता. त्या वर्षीच्या रोस्किल्डच्या तहात तो स्वीडनकडे आला. मारस्ट्रांडच्या डोक्यावरचा कार्लस्टेन किल्ला लगेच त्यानंतर बांधायला घेतला, आणि तो बांधला बराचसा कैद्यांनी. किल्ला जरूर बघावा, पण मारस्ट्रांडची त्याहून गमतीची गोष्ट वेगळीच आहे. 1775 ते 1794 या काळात हे बेट मुक्त बंदर होतं. व्यापारावर जकात नाही, धर्माचं बंधन नाही. स्वीडनमधलं पहिलं सिनेगॉग राजधानीत नव्हे, या खडकावर उभं राहिलं.

पण या किनाऱ्याला घडवलं ते राजांनी नाही, हेरिंग नावाच्या वीतभर माशाने. 1747 च्या सुमारास हेरिंगचे थवे हिवाळ्यात थेट खाड्यांच्या आत येऊ लागले आणि 1808-09 पर्यंत येत राहिले. साठ वर्षं. माणसं लांबून लांबून इथे येऊन राहिली. मासा आता नुसता खाण्यासाठी राहिला नव्हता. काही खारवून पिंपांत भरला जाई आणि बाकीचा तेलासाठी जाई. मोठ्या कढयांत पाणी घालून मासा गळेपर्यंत उकळायचा, वर आलेलं तेल काढून घ्यायचं, निवळू द्यायचं, पिंपात भरायचं. खाली राहिलेला लगदा सरळ समुद्रात. पॅरिसच्या रस्त्यांवरचे दिवेही या तेलावर जळत. लगद्याने खाडीचा तळ खराब होतो आणि मासा दूर जातो अशी तक्रार तेव्हाच झाली, त्यावर चौकशी बसली आणि 1784 मध्ये तिची कागदपत्रं छापलीही गेली. पर्यावरणावरचा वाद हल्लीचा असं मानणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवायला हरकत नाही.

कढया पेटत्या ठेवायला लाकूड लागे, आणि किनाऱ्यावरची उरलीसुरली झाडं त्यात गेली. आजचा उघडाबोडका गुलाबी कातळ पाहून लोक ‘काय हा निसर्ग!’ म्हणतात. वारा, खारं पाणी आणि गुरांची चराई यांचाही त्यात हात आहे, पण निम्मा देखावा जळणासाठी तोडलेल्या जंगलाचा आहे. मग एका हिवाळ्यात मासा आला नाही. पुढच्याही नाही. गावंच्या गावं भिकेला लागली. पुन्हा हेरिंग आली ती 1877 मध्ये, आणि 1906 पर्यंत टिकली. तोवर वाफेची बोट आणि रेल्वे आली होती, ताजा मासा विकता येत होता. आज दिसणाऱ्या गावांत लाल रंगाच्या मासेमारीच्या खोपटी धक्क्याला लागून आहेत आणि पांढरी घरं त्यांच्या मागे. लाल रंग म्हणजे तांब्याच्या खाणीतल्या मातीचा, स्वस्तातला. पांढरा महाग. त्यामुळे ज्या गावात पांढरी घरं फार, तिथे कोणत्या तरी पिढीत पैसा आला होता असं खुशाल समजावं.

दोन हेरिंगांच्या मधल्या काळात आणि नंतरही पोट भरलं ते दगडाने. इथला ग्रॅनाइट सुमारे 92 कोटी वर्षं जुना. तो ठरावीक दिशांनी सरळ फुटतो, म्हणून पाथरवटांचा लाडका. हुनेबोस्ट्रांड किंवा स्मोगेनच्या आसपास कातळावर चालताना जरा खाली बघावं. कडेला अर्ध्या नळीसारख्या खोबणींची रांग दिसते, एकेक खोबण बोटाएवढी, मधलं अंतर सारखं. ती छिन्नीची निम्मी छिद्रं आहेत. उरलेली निम्मी फुटलेल्या दगडाबरोबर कुठल्या तरी शहराच्या रस्त्यात गेली. रीत अशी: रांगेत भोकं पाडायची, प्रत्येकात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर बसवायची, आणि मग पाचरींवर ओळीने हलके घाव घालत जायचं. एकीवरच जोर लावला तर दगड तिरका फुटतो आणि दिवसाची मजुरी गेली. घाव बरोबर बसत असतील तर पाचरीचा आवाज चढत जातो, मग क्षणभर काहीच नाही, आणि दगड आपोआप उघडतो. चौकोनी फरसबंदीचे दगड जहाजांतून युरोपभर गेले आणि दक्षिण अमेरिकेतही. दगडाची धूळ पाथरवटांच्या छातीत बसली. 1930 च्या दशकात डांबर, काँक्रीट आणि मंदी यांनी मिळून धंदा मोडला.

त्या बेकारीतूनच सोटेन कालवा निघाला. सोटेनच्या नाकाडाबाहेर आडोशाला एकही बेट नाही, लहान होड्यांसाठी ती जागा कायमची घातकी. 1931 ते 1935 या काळात सरकारने बेकारांना हाताशी धरून आतून कालवा खोदला. खोदणाऱ्यांत पाथरवट होते, म्हणजे हे काम ज्यांना येत होतं तेच. आज उन्हाळ्यात त्यातून हौशी शिडाच्या होड्यांची रांग जाते. कालव्याच्या भिंती जवळून बघाव्यात, त्या खोबणी तिथेही आहेत.

तानुमची कातळशिल्पं मात्र रस्त्यानेच गाठावी लागतात, आणि त्याचं कारणही समुद्रच. कांस्ययुगात, साधारण इ. स. पू. 1700 ते 500 या काळात, पाणी आजच्यापेक्षा सुमारे 15 मीटर वर होतं. हिमयुगाच्या बर्फाच्या वजनाने दबलेली जमीन अजूनही वर येते आहे. तेव्हा खाडीच्या काठावर कोरलेली चित्रं आता शेतांच्या कडेला आहेत. परिसरात कोरलेले सुमारे 600 कातळ आहेत आणि 1994 पासून त्यांना युनेस्कोचा वारसा दर्जा आहे. विटलिके इथल्या एकाच कातळावर पाचशेच्या आसपास आकृत्या आहेत. माणसं, बैल, पावलं, आणि सगळ्यात जास्त होड्या: वर वळलेलं टोक आणि आत माणसांऐवजी उभ्या रेघांची ओळ. कोकणातली कातळशिल्पं पाहिलेल्याला इथे एक फरक चटकन जाणवेल. आपली सपाट जांभ्याच्या सड्यावर, त्यामुळे वरून किंवा भोवती फिरून पाहायची. इथली उतरत्या ग्रॅनाइटवर, समोर उभं राहून पाहायची. लाल रंग हल्लीचा आहे, पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी भरलेला. रंग न भरलेले कातळ दुपारी बघायला गेलात तर काहीही दिसणार नाही आणि उगाच चिडचिड होईल. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की जा. रात्री विजेरी जमिनीलगत आडवी धरली तर त्याहून स्पष्ट दिसतं.

आता पाण्यावर जायचं कसं. स्वतःची होडी नसेल तरी अडत नाही. वेस्टट्राफिक ही इथली सार्वजनिक वाहतूक कंपनी, तिचं एकच तिकीट बस, रेल्वे आणि कंपनीच्या फेरीबोटींना चालतं. विभाग तीन: ए, बी आणि सी. उत्तरेकडचा किनारा सी मध्ये येतो. रस्त्यांना जोडणाऱ्या पिवळ्या फेरीबोटी सरकारी आहेत आणि फुकट, गाडीसकट. लिसेकिलकडे जाताना गुल्मार्न खाडी अशाच फेरीबोटीने ओलांडता येते. ही स्वीडनमधली एकमेव खरी फियोर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेली खोल खाडी, मानली जाते. तोंडाशी सुमारे 40 मीटरवर उंबरा आणि आत शंभराहून अधिक मीटर खोली, त्यामुळे तळाचं पाणी सहजी बदलत नाही. 1877 पासून तिच्या काठावर सागरी संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही.

स्ट्रॉमस्टाडहून कोस्टर बेटांची बोट सुटते. तिथे पाहुण्यांच्या गाड्यांना बंदी आहे, सायकल भाड्याने घ्यायची. बेटांभोवतीचा समुद्र 2009 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, स्वीडनमधलं पहिलं सागरी. दोनशे मीटरहून खोल खंदकात थंड, खारट पाणी आणि थंड पाण्यातली प्रवाळं आहेत. उद्यानाच्या हद्दीत कोळंबीची मासेमारी अजून चालते, आणि ते बरोबरच आहे असं वाटतं. 2000 साली कोळी, शास्त्रज्ञ आणि सरकार यांनी बसून नियम ठरवले होते. 60 मीटरपेक्षा उथळ पाण्यात जाळं ओढायचं नाही, प्रवाळांच्या जागा सोडायच्या. उद्यान आलं ते त्यानंतर. क्रम उलटा असता तर भांडणंच झाली असती.

होडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. स्वीडनमध्ये 12 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद या मापाच्या आतल्या हौशी होडीला परवाना लागत नाही, आणि अपघात होतात ते याच भरवशावर. बोयांची पद्धत भारतातलीच: बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. पण असंख्य खडकांवर बोया नाहीत, ते फक्त नकाशात आहेत. फोनवरचा नकाशा लहान करून पाहिला की हेच खडक गायब होतात. भरती-ओहोटी जवळजवळ नाही, जेमतेम 30 सेंटिमीटर. रत्नागिरीच्या दोन-तीन मीटरच्या भरतीची सवय असणाऱ्याला हे नवल वाटेल. पाणी हलतं ते हवेच्या दाबाने आणि वाऱ्याने. पश्चिमेचं वादळ आलं की चढतं, स्वच्छ उन्हाच्या दिवसांत पूर्वेचा वारा असला की उतरतं. म्हणजे ज्या दिवशी होडी काढायचा मोह होतो, त्याच दिवशी खडक वर आलेले असतात.

भरती नसल्यामुळेच इथे होडी सरळ कातळाला बांधता येते. आधी वाऱ्याच्या आडोशाची बाजू शोधायची. मग सावकाश कातळाकडे जायचं, आणि तीन-चार होड्यांच्या लांबीइतकं अंतर राहिलं की मागच्या बाजूने नांगर सोडायचा. दोर ढिला देत पुढे सरकायचं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, कातळापासून हातभर राहिली की एकाने दोर घेऊन उतरायचं. उडी मारायची नाही, पाऊल टाकायचं. किनाऱ्यावर दोन दोर, एकमेकांपासून फाकवून, झाडाला किंवा फटीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला. मग मागचा दोर ताणून नांगर बसला का ते पाहायचं. बहुतेक जण ही शेवटची पायरी गाळतात. रात्री वारा फिरतो, शेवाळात नुसता पडून राहिलेला नांगर घसरतो, आणि नाळ कातळावर आपटायला लागते. नांगर वाळूत किंवा चिखलात धरतो, गवताळ तळावर धरत नाही, त्यामुळे तळ पाहूनच तो टाकावा.

किनाऱ्यावर उतरायला कोणाची परवानगी लागत नाही, मोकळ्या जागी एखादी रात्र तंबूही ठोकता येतो. घरांपासून मात्र लांब राहायचं. कातळावर आग पेटवायला सक्त मनाई आहे. ग्रॅनाइट तापून तडकतो आणि तो काळा डाग पिढ्यान् पिढ्या जात नाही. पक्ष्यांची आणि सीलची काही बेटं विणीच्या काळात पूर्ण बंद असतात, तिथे पिवळ्या पाट्या असतात. पोहायला उतरताना पाण्याच्या रेषेवरचा काळा पट्टा टाळा. ओला असताना त्यावर पाय ठरत नाही, म्हणून शिडीने उतरणं बरं. पायात रबरी बूटही हवेत, कारण अलीकडच्या काळात पॅसिफिक कालवं इथे पसरली आहेत आणि त्यांची धार पात्यासारखी लागते. पाण्यात लालसर-तपकिरी जेलीफिश दिसली तर दूर राहा. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका. निळसर पारदर्शक, चार गोल कडी असलेली जेलीफिश काही करत नाही.

लाकडी होड्यांचं वेड असेल तर ओरुस्ट बेट. इथे होड्या बांधायच्या धंद्यावर गावं जगली, आणि मोठ्या शिडाच्या यॉट आजही इथे बनतात. जुन्या होड्यांत फळी फळीवर चढवलेली असते आणि तांब्याच्या खिळ्याने, आतून वाटोळी चकती लावून, ठोकून बसवलेली. आधी फळ्यांचं कवच, मग आतली बरगडी. बांधणीची ही परंपरा 2021 मध्ये नॉर्डिक देशांच्या नावाने युनेस्कोच्या यादीत गेली. हिवाळाभर कोरडी राहिलेली अशी होडी वसंतात पाण्यात सोडली की पहिले एक-दोन दिवस गळते. बघणारे घाबरतात, मालक पंप लावून चहा पितो. फळ्या फुगल्या की गळती आपोआप थांबते. गळती थांबवायला आधीच फटींत काही ठासून भरलं, तर फुगणारी फळी खिळ्यांवर ताण आणते आणि चिरते.

खाण्याबद्दल. स्मोगेनला मासळीचा लिलाव होतो, आणि तिथल्या सुमारे 600 मीटर लाकडी धक्क्यावर कोळंबी विकत मिळते. ही उत्तरेच्या थंड पाण्यातली गुलाबी कोळंबी, जाळं वर आलं की होडीवरच खारट पाण्यात उकळलेली. पाटीवर ताजी आहे की गोठवून वितळवलेली ते लिहिलेलं असतं, तेवढं विचारा. सालासकट माणशी तीन-चारशे ग्रॅम पुरे. डोकं पिळून काढायचं, पोटाकडून साल उलगडायची, शेपूट दाबून ओढायची. पांढरा पाव, मेयोनीज, शेपू, लिंबू, बस्स. तिचं कालवण करायच्या फंदात पडू नये. एकदा शिजलेली आहे, पुन्हा आचेवर ठेवली की रबर होते. ज्यांना राहवत नाही त्यांनी बांगड्याचाच भाऊ असलेला मॅकरेल घ्यावा आणि त्याला तिखट-मीठ लावावं. ग्रेबेस्टाडची कालवं चाखायची असतील तर हॉटेलातच खा. किनाऱ्यापासून 200 मीटरच्या आतलं मूळ जातीचं कालव जमिनीच्या मालकाचं असतं, ते हाताने उचलणं म्हणजे चोरी.

कधी जावं यावर मत ठाम आहे: जुलैत नाही. तेव्हा अख्खा देश सुट्टीवर असतो, स्मोगेनच्या धक्क्यावर चालायलाही रांग लागते, राहायची जागा महिनोन् महिने आधी गेलेली असते. ऑगस्टच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की गर्दी ओसरते, पाणी मात्र अजून पोहण्याजोगं असतं. त्याच सुमारास बोटींची वेळापत्रकंही बदलतात. होल्यो बेटावर 1842 पासून दीपगृह आहे, वेडेर बेटांवर 1960 च्या दशकापर्यंत जहाजांना वाट दाखवणारे वाटाडे राहत आणि त्यांच्या घरांत आता पाहुणे उतरतात. अशा ठिकाणी जाणाऱ्या लहान बोटींच्या फेऱ्या एकदम कमी होतात. परतीची बोट आहे का, हे जाण्याआधी विचारायचं, पोचल्यावर नाही. रोख पैसे जवळजवळ कुणी घेत नाही. धक्क्यावरच्या छोट्या टपऱ्यांवर फोनवरून पैसे पाठवायची जी स्थानिक सोय चालते, ती स्वीडिश बँक खात्याशिवाय चालत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं जवळ असू द्या.

20 सप्टेंबरनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता शेवंडांचा हंगाम उघडतो. त्या आधीच्या रविवारी धक्क्याधक्क्यावर पिंजऱ्यांचे ढीग, दोर, बोये, आणि कुणाचा पिंजरा कुठे टाकायचा यावर कुजबुज. 2017 पासून हौशी माणसाला सहा पिंजरे, आणि शेवंडाचं कवच डोळ्याच्या खोबणीपासून मोजून किमान 9 सेंटिमीटर. पोटाखाली अंडी असलेली मादी परत पाण्यात. स्वीडनमध्ये न राहणाऱ्या परदेशी माणसाला पिंजरा टाकताच येत नाही. तेव्हा आपल्यासारख्यांनी त्या दिवसांत नेणाऱ्या होडीवर जागा घ्यावी. ती ऑगस्टमध्येच भरते. अंगावर लोकरीचे दोन थर आणि वर वारा न शिरणारं जाकीट हवं, आणि हातमोजे रबराचे, कारण ओला दोर ओढताना लोकरीचे काही कामाचे नाहीत.